पेंग्विन, मासे आणि अण्णांची मूठ

"वाफसा आलाय. परवा तिफण धरायलाव. येतूस का?"

दादाचा फोन एवढाच असतो. थोरला भाऊ आहे, शेती तोच बघतो, आणि फोनवर बोलणं म्हणजे वीज जाळणं असं त्याला वाटत असावं. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. धाराशिवच्या एका कॉलेजात मी संगणकांच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. समोर टेबलावर भंगारात निघालेले चार जुने संगणक मांडलेले होते. त्यांच्यावर मी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली चढवत होतो. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या चालीनं पुढं सरकत होती. खिडकीतून हातलाईचा डोंगर अजून हिरवा दिसत होता.

वाफसा. शहरात राहून कितीतरी शब्द माझ्या तोंडातून गेले, पण हा गेला नाही. पाऊस उघडतो, दोन-चार उन्हं पडतात, आणि एका सकाळी काळं रान असं होतं की ढेकूळ मुठीत दाबलं तर चिकटत नाही आणि धूळही होत नाही. नुसतं सुटतं. तो दिवस ज्वारीच्या पेऱ्याचा. आता हा शब्द ऐकला की मला दोन गोष्टी एकदम आठवतात. एक, ओलसर काळ्या मातीचा वास. दुसरी, एका खेळातलं टुणटुण वाजणारं संगीत, ज्यात एक पेंग्विन रंगीत फुगे वर उडवत असतो. या दोन्ही गोष्टींची गाठ त्या एका हंगामात पडली, आणि ती आता माझ्याकडून सुटत नाही.

त्या वर्षी मृग लागायच्या आधी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लकवा झाला. पहाटे म्हशीपुढं वैरण टाकताना उजवी बाजू गेली. आमचं गाव मुरूमपासून जवळ; तिथून उमरगा, तिथून सोलापूर असं त्यांना दवाखान्यात नेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं बरंचसं ठीक होतं. पाय ओढत का होईना, चालत होते. राहिला तो उजवा हात. तो मांडीवर ठेवून ते ओसरीतल्या बाजेवर बसायचे आणि त्याच्याकडं असं बघायचे, जसं काही शेजाऱ्याची वस्तू कुणी चुकून आपल्याकडं ठेवून गेलाय.

"हात हाय," ते म्हणायचे, "पर माझा न्हाय."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला होता. दाबा, सोडा, दाबा, सोडा. बोटं हलती ठेवली तर हात परत येईल, नाहीतर आखडेल, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. अण्णांनी चेंडू दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी तो गोठ्यात कालवडीच्या पायाशी दिसला.

"म्या काय ल्हान लेकरू हाय का चेंडू खेळाया?" त्यांनी वहिनीला विचारलं.

वहिनी, दादाची बायको, त्यांचं सगळं करायची. अंघोळ, कपडे, भाकरी कुस्करून देणं. तिनं चेंडू धुऊन परत उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गोठ्यात.

खरा प्रश्न चेंडूचा नव्हता. आमच्या घरात रब्बीच्या पेऱ्याला पहिली मूठ घरातल्या थोरल्या माणसानं धरायची, अशी रीत आहे. आता बाकी सगळं रान ट्रॅक्टर पेरतो, पण बांधालगतची पहिली तासं, म्हणजे पेरणीच्या पहिल्या ओळी, बैलांच्या तिफणीनंच निघतात. तिफणीला तीन नळ्या असतात, आणि त्यांच्या वर एक लाकडी वाटी, तिला चाडं म्हणतात. पेरणारा मागं चालत त्या चाड्यावर मूठ धरतो आणि बोटांमधून बी सोडत राहतो. तिन्ही भोकांत सारखं पडलं पाहिजे, बैल हळू झाले की हात हळू झाला पाहिजे. मूठ ढिली झाली तर झुबके उगवतात, घट्ट झाली तर रान मोकळं राहतं. सगळी मजा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत असते. अण्णांचा हात त्यासाठी भावकीत नावाजलेला. त्यांनी पेरलेली ज्वारी उगवली की लोक बांधावर थांबून बघायचे.

आणि त्यांनी आषाढातच जाहीर करून टाकलं होतं. "मूठ मीच धरनार. ह्या साली न्हाय धरली, तर मी आपला खानारा मानूस. मंग मला कायबी इचारू नका. रान इका, बटईनं द्या, तुमचं तुमी बगा."

दादा हे ऐकून बाहेर निघून गेला. तो रडायला गेला हे मला नंतर वहिनीनं सांगितलं.

मी दर शनिवारी संध्याकाळी एसटीनं गावी जायचो आणि सोमवारी पहाटे परतायचो. गावात लोक म्हणायचे, धाकटा पोरगा बापासाठी लई धावतंय. मला ते ऐकताना मान वर करवत नसे. कारण मी जात होतो, पण तिथं मी काय करत होतो? बाजेजवळ खुर्ची ओढून बसायचो. अण्णांच्या हाताकडं बघायचं मला धाडस होत नव्हतं. तोंडाकडं बघावं तर ते जरा वाकडं झालेलं. "जेवलास का?" "जेवलो." "तिकडं पाऊस हाय?" "हाय." एवढ्यात आमचं बोलणं संपायचं. मग पुढचा अख्खा रविवार समोर पडलेला असायचा, उसाच्या फडासारखा, ज्याचं दुसरं टोक दिसत नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला मी पिशवीत माझा जुना लॅपटॉप घालून नेला. घरच्यांना सांगितलं, कॉलेजचं काम आहे. काम नव्हतं. मला खेळायचं होतं.

हे सांगायला मला आजही जड जातं. वय सत्तेचाळीस, केस पांढरे, आणि माणूस संगणकावर गेम खेळतो. बायकोपुढं मी ते "जुनी मशीन तपासतोय" या नावाखाली खपवत आलोय. पण हे खेळ माझे सोबती आहेत. बाजारातले मोठे, महागडे खेळ मला कधी परवडले नाहीत आणि आवडलेही नाहीत. लिनक्सवर मात्र, जिथं सगळं उघडं आणि सगळ्यांचं असतं, तिथं कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी फावल्या वेळात बनवलेले, खास त्याच्याचसाठी लिहिलेले खेळ आयते मिळतात. एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. खातं उघडा म्हणत नाहीत. मध्येच कोणी येऊन काही विकत नाही. दमलेल्या, म्हाताऱ्या यंत्रावरही चालतात. वेसनॉथ नावाचा एक खेळ आहे, षटकोनी घरांच्या नकाशावरची लढाई. आपली पाळी असली की हवा तेवढा वेळ विचार करा, कोणी घाई करत नाही. त्या खेळात मी किती दुपारी काढल्या असतील! फ्रोझन बबलमध्ये पेंग्विन फुगे उडवतो, एका रंगाचे तीन जमले की खाली गळतात. सुपरटक्सकार्टमध्ये छोट्या गाड्यांची शर्यत असते. आणि एक्स्ट्रीम टक्स रेसरमध्ये तर नुसता बर्फाचा डोंगर, आणि त्यावरून पोटावर घसरत जाणारा पेंग्विन. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातली गर्दी या खेळांनी जेवढी कमी केली तेवढी कशानंच केली नाही.

तर मी माझ्या आजारी बापाशेजारी बसून, त्यांच्याकडं बघावं लागू नये म्हणून, फुगे फोडत होतो.

"ते काळं काय हाय?"

मी दचकलो. अण्णा कधी कुशीवर वळले मला कळलंच नव्हतं.

"पेंग्विन आहे अण्णा. पाखरूच असतं, थंड मुलखातलं. उडता येत न्हाय त्याला."

"मंग पाखरू कशाचं?" आणि लगेच, "त्यो निळा तिकडं का सोडलास? तिकडं डाव्या बाजूला दोन निळे हायती की."

होते. मला दिसले नव्हते. मी बाण वळवला, निळा उडवला, आणि फुग्यांचा एक मोठा घोस घरंगळून खाली आला. अण्णा घशातून हसले. दवाखान्यातून आल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं. मी लॅपटॉप उशीवर टेकवून त्यांच्यापुढं सरकवला. बाणांच्या कळा कीबोर्डाच्या उजव्या बाजूला असतात, त्यामुळं तिथं आपसूक उजवा हातच गेला. डाव्या हातानं त्यांनी उजवा उचलून कळांवर ठेवला, पोतं ठेवावं तसा. मधलं बोट वरच्या कळेवर आलं. दाबायचं म्हटलं तर दबेना. कपाळावर घाम. फुगे एकेक ओळ खाली सरकत होते. शेवटी बोट जेमतेम वाकलं आणि फुगा गेला, भलतीकडंच.

अण्णा हरले. सगळे फुगे गोठून पांढरट झाले.

"आरं!" अण्णा म्हणाले. "परत लाव."

मोबाइलवर असाच काही खेळ द्यावा असं दादानं आधी करून पाहिलं होतं. तिथं दर मिनिटाला पत्त्यांची नाहीतर कर्जाची जाहिरात पडदाभर यायची आणि वाजायला लागायची. अण्णांचं थरथरणारं बोट बरोबर तिच्यावरच पडायचं. एकदा कुठल्या तरी कंपनीच्या बाईचा फोन आला, की काका, आपण चौकशी केली होती. अण्णांनी मोबाइल जो वहिनीच्या हातात दिला तो दिलाच. "ह्यात मानसं बसल्याती गळ टाकून," म्हणाले. माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये गळ टाकून कोणी बसलं नव्हतं. एवढ्या एका गोष्टीसाठी त्या अनोळखी लोकांच्या पाया पडावंसं वाटतं, ज्यांनी हे खेळ रचून असेच चव्हाट्यावर ठेवून दिले.

सोमवारी निघताना मी लॅपटॉप तिथंच ठेवला. चालू कसा करायचा ते वहिनीला दाखवलं. फाट्यावर एसटीची वाट बघताना मला हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाचीच लाज वाटत होती. बापाला यंत्राच्या हवाली करून निघालो होतो मी.

पुढच्या आठवड्यात आमच्या फोनवरच्या बोलण्यात एक नवीच गोष्ट शिरली. खेळाच्या टप्प्याला ते घर म्हणायचे.

"आज तेरावं घर पार केलं," अण्णा सांगायचे. "पर चौदावं लई वंगाळ हाय. वरती सगळं लालच लाल."

"मग भिंतीवर आपटून मारा की. भिंतीला लागून उलटा फिरतो फुगा."

"आपटून? थांब, बगतो." आणि फोन ठेवून द्यायचे!

वर्षानुवर्षं मी ज्या एका प्रश्नाला घाबरत होतो, "कधी येतूस?", तो त्यांनी विचारणंच सोडून दिलं. विचारायचे ते चौदाव्या घराचं. मी प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून हसायचो. 

श्रावणात मी त्यांना बर्फावरचा खेळ दाखवला. डोंगराच्या उतारावरून पेंग्विन घसरत निघतो. डावी कळ, उजवी कळ, एवढंच काम. झाडं चुकवायची, आणि वाटेत पडलेले मासे गोळा करायचे. जितके मासे जास्त तितका खेळाडू मोठा.

अण्णा माळकरी आहेत. गळ्यातली तुळशीची माळ दवाखान्यातही उतरू दिली नव्हती.

"मासं?" ते म्हणाले.

"चित्रातले हायत अण्णा."

"चित्रातलं काय न् ताटातलं काय. मला न्हाय जमायचं."

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या शनिवारी गेलो तर ओसरीत वेगळंच चाललेलं. अण्णा बर्फावरून पेंग्विन सोडत होते आणि एकेका माशाला वळसा घालून जात होते. झाड चुकवणं सोपं असतं, झाड एक असतं. मासे मात्र वाटेत रांगेनं मांडलेले, कारण खेळ बनवणाऱ्यानं ते खावेत म्हणूनच मांडलेले. त्या रांगांमधून एकही न शिवता जायचं म्हणजे जरा डावी, लगेच उजवी, पुन्हा निमिषभर डावी. बोट उचलायचं ते वेळेवर आणि दाबायचं तेही मोजकंच. रबरी चेंडूला जे करवून घेता आलं नव्हतं ते या न खाल्लेल्या माशांनी करून घेतलं. पेंग्विन खाली पोचायचा. पडद्यावर मासे शून्य. अण्णा खूश!

"एक लागला आज," ते कधीकधी खिन्नपणे सांगायचे. "वळनावर हुता. दिसलाच न्हाय." आणि डावा हात कानाला लावायचे.

वहिनी स्वैपाकघरातून म्हणायची, "मामा, त्यो बिचारा उपाशी हाय तुमच्यापायी. बर्फात काय भाकरी भेटनार हाय व्हय त्याला?"

"एकादस समज!"

मला याच खेळातले सगळे चषक मिळालेले होते. पण असा खेळ मी कधी खेळलो नव्हतो.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "ह्येचं मालक कोन?"

मी सांगायचा प्रयत्न केला. की हे एकानं बनवलं, मग दुसऱ्यानं त्यात भर घातली, कुणी चित्रं काढली, कुणी चुका काढल्या, आणि आता कोणीही घ्यावं, वापरावं, बदलावं, पुढं द्यावं. पैसे नाहीत.

"फुकट हाय म्हंजी काय तरी डाव असंल."

"डाव न्हाय अण्णा. आपलं घरचं बी असतं तसं समजा. मागितलं त्याला पायलीभर देता की तुम्ही. त्यानं पेरलं म्हणून आपलं सरतं का?"

अण्णा म्हणाले, "पर बी देताना आमी निवडून देताव. किडकं देत न्हाय."

"ही माणसंही तसंच करतात. कुठं किडकं निघालं तर सांगा म्हणतात, लगेच दुरुस्त करतात."

"मंग चांगली मानसं हायती," अण्णांनी निकाल दिला. "पर मासं कशाला घातलं मनाव!"

गणपतीच्या सुमारास महेबूबचाचा यायला लागले. हे अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त, गल्लीच्या तोंडाला त्यांचं घर, आणि गावात आता बैलजोडी उरली ती त्यांचीच. पेऱ्याला आमच्या तिफणीला जुंपतात ती हीच जोडी. ते दुपारी चहाला यायचे, बाजेच्या खुराशी उकिडवे बसायचे आणि पडद्याकडं बघत तोंडाचा पट्टा सोडायचे. त्यांच्यासाठी म्हणून मी गाड्यांची शर्यत लावून दिली. चित्रं थोडी हलकी करावी लागली, यंत्र दमत होतं, पण चाललं. त्यातली एक वाट शेतातून जाते, दोन्ही बाजूंना मक्याचं पीक.

अण्णांनी गाडी सुरू केली आणि पहिल्याच वळणावर थांबवली.

"हे कुनी पेरलंय? लई दाट केलंय. कनसं भरनार न्हायती."

"पाटील, गाडी हाकारो!" चाचा ओरडले. "सब आगे गये!"

अण्णांनी हाकली. मागून एक गाडी आली. अण्णांनी सरळ आपली गाडी मक्याच्या कडेला घेतली आणि तिला पुढं जाऊ दिलं. मग दुसरी आली, तिलाही. तिसरीला तर थांबून. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. चिंचोळ्या पांदीत मागून गाडी आली की आपण कड धरायची, ही त्यांच्या हाताची सवय. पाय दुखावलेला बैल असेल मागं, कुणी बाळंतीण असेल, काय सांगावं.

"अरे, कायकू रस्ता देतंय?" चाचा कपाळ बडवत होते. "हे रेस हाय! गाडी तुझी, रस्ता तुझा!"

"त्येला घाई हाय, मला न्हाय."

"अशानं तू आखरी येनार."

"येऊ दे की. कुनीतरी येनारच हाय."

ते रोज शेवटी यायचे. चाचा रोज चिडायचे. शेजारपाजारची दोन-तीन माणसं नुसती ही जुगलबंदी ऐकायला यायची. गाडी वाटेबाहेर दरीत पडली की एक पाखरू येऊन ती उचलून पुन्हा वाटेवर ठेवतं. अण्णांना हे फारच आवडलं होतं. एकदा चाचांनी हट्टानं कळा हातात घेतल्या आणि पहिल्या मिनिटातच गाडी दरीत घातली. त्यानंतर महिनाभर अण्णांना बोलायला विषय पुरला.

घरात सगळे माझं नाव घेऊन म्हणायला लागले, दत्तानं काय युक्ती केली! संगणकवाल्या पोरानं बापाचा हात जागा केला. दादानं तर चावडीवर चारचौघांत सांगितलं. आणि मी गप्प बसलो. ती युक्ती नव्हती. मी स्वतःसाठी पळवाट घेऊन गेलो होतो आणि ती चुकून त्यांच्या कामी आली. हे मी दादाला सांगायला हवं होतं. रोज अंघोळ घालणारी वहिनी, रोज पाय चोळणारा दादा, आणि नाव झालं माझं. प्रत्येक वेळी ते कौतुक ऐकलं की मी खाली बघायचो, आणि लोकांना वाटायचं, किती नम्र!

मग वाफसा आला.

त्या सकाळी अण्णांनी अंघोळ करून धोतर नेसलं. काष्टा वहिनीनं खोचला, पण नंतर त्यांनी तो उपसून स्वतः पुन्हा खोचला. रानात गेलो तेव्हा ऊन कोवळं होतं. मातीवर अजून दव. महेबूबचाचा बैल जुंपून उभे. दादानं तिफणीला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. खेळात चुकलं तर परत लावता येतं. इथं बी मातीआड जाणार होतं, आणि चूक उगवून सगळ्या शिवाराला दिसणार होती.

अण्णांनी ओटीतून मूठ भरली. भरताना चार दाणे सांडले. त्यांनी ते वाकून उचलले नाहीत. मूठ चाड्यावर ठेवली.

"चल," ते चाचांना म्हणाले, "पर सावकाश."

"आता कोनी मागून येत न्हाय," चाचा म्हणाले. "बिनधास्त चल."

बैल निघाले. तिफणीच्या फणांनी माती उकलायला सुरुवात केली, तिन्ही रेघांतून ताजा काळा वास वर आला. अण्णा मागं, पाय ओढत. मी त्यांच्या बाजूनं चालत होतो, पडले तर धरावं म्हणून. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या हाताकडं नीट पाहिलं.  अंगठा थरथरत होता, बोटं मध्येच उघडत होती, मध्येच अडकत होती. ओठ मिटलेले. तास संपलं, बैल वळले, दुसरं तास. मग त्यांनी मूठ दादाच्या हातात दिली आणि बांधावर बसले. कसं पडलं, कोणी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

मी धाराशिवला परतलो. त्या आठवड्यात फोनवर ते फुग्यांबद्दल बोलले, चाचांबद्दल बोलले, तासांबद्दल एक अक्षर नाही. मीही नाही. प्रयोगशाळेत मुलांना संगणक लावून देताना माझ्या मनात एकच, की मातीखाली काय चाललं असेल. बी झुबक्यानं पडलं असेल तर? रान मोकळंच राहिलं असेल तर ते पुन्हा त्या बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करतील आणि मग कुठलाच पेंग्विन त्यांना इकडं वळवू शकणार नाही.

शनिवारी गेलो. रविवारी सकाळी अण्णा स्वतःच म्हणाले, "चल, रानात जाऊन येऊ."

ज्वारी उगवली होती. बोटभर, पोपटी, दोन पानांची. अण्णांची तासं बांधालगत होती. मी पहिल्या टोकापासून बघायला लागलो. सुरुवातीलाच झुबका. एका जागी मूठभर रोपं, मुळाशी मुळं घातलेली. मग हातभर रान मोकळं. मग पुन्हा झुबका. पुढं गेलो. मोकळी जागा थोडी लहान झाली. आणखी पुढं. झुबक्यात आता दोन-तीनच रोपं. बोरीचं झाड ओलांडलं आणि तिथून पुढं, मी थांबलो, वाकलो, पुन्हा बघितलं. तिथून पुढं तिन्ही ओळी अशा निघाल्या होत्या, जशा त्या माझ्या लहानपणी निघायच्या, ज्यांच्यासाठी लोक बांधावर थांबायचे. वळणानंतरचं दुसरं तास तर पूर्णच. हाताला चालता चालता आठवत गेलं होतं, आणि ते कुठं कुठं आठवलं ते सगळं जमिनीवर हिरव्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"दादा म्हनतोय, सुरवातीचं नांगं, ह्या मोकळ्या जागा, भरून घेऊ," अण्णा म्हणाले. "म्हनलं, र्‍हाऊ दे. हुरड्याला कोन मोजायलंय?"

मला बोलायचं होतं. ते ज्वारीबद्दल नव्हतं.

"अण्णा, तो लॅपटॉप मी तुमच्यासाठी आणला नव्हता."

"ठाव हाय की."

"मला तुमच्याकडं बघवत नव्हतं. म्हणून मी त्याच्यात..."

"आरं, ठाव हाय म्हनलं न्हवं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, गंमत होती. "तू माझ्याकडं बगत नव्हतास, म्या तुझ्याकडं बगत हुतो. तू त्या डब्यात बगायचास म्हनून मीबी त्यात बगाया लागलो. भिंतीकडं बगत बसला असतास, तर म्या भिंतीकडं बगितलं असतं."

मग त्यांना पलीकडच्या बांधावर कुणाची तरी शेळी शिरलेली दिसली आणि ते तिला हाकलायला "हुर्र, हुर्र" करत निघाले. मी तिथंच उभा राहिलो.  ऊन चढत होतं, रोपांवरचं दव वाळत होतं. अण्णा तासाच्या कडेकडेनं, एकाही रोपावर पाय न देता, पुढं चालले होते. उजवा पाय अजून थोडा ओढत होता. पण उजवा हात, जो कालपरवापर्यंत पोटाशी दुमडलेला असायचा, तो चालताना मागं-पुढं हलत होता, डाव्याइतकाच, सहज. त्यांना ते माहीतही नव्हतं. मी हाक मारून सांगितलं नाही.